हेडफोनवर गेम खेळण्यासाठी साउंड कार्ड: आधी हेडफोनची गरज मोजा, मग खरेदी करा

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळताना मागून आलेल्याची पावलं ऐकू आली नाहीत, की पहिला संशय मदरबोर्डवरच्या आवाजावर जातो आणि साउंड कार्डाचा शोध सुरू होतो. हा संशय काही वेळा खरा निघतो. पण डब्यावर ‘७.१’ (आठ चॅनेलचा सराउंड आवाज), ‘३२ बिट’, ‘१३० डेसिबल’ असे मोठे आकडे बघून घेतलेलं कार्ड बऱ्याचदा काहीच बदलत नाही, कारण अडचण दुसरीकडेच असते. म्हणून कार्डांची यादी उघडण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या: हेडफोनला काय लागतं, आणि सध्याच्या जॅकमधून ते मिळतंय का.

कार्ड दिशा तयार करत नाही

एकेकाळी करायचं. विंडोजचं डायरेक्टसाउंड३डी आणि साउंड कार्ड बनवणाऱ्या क्रिएटिव्ह कंपनीचं ईएएक्स यांच्या काळात गेम आपला आवाज कार्डावरच्या चिपकडे सोपवत असे आणि कुठला आवाज कुठून येतो याचा हिशेब ती चिप करत असे. २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आलं आणि विंडोजने डायरेक्टसाउंडला दिलेला तो हार्डवेअरचा रस्ता बंद झाला. तेव्हापासून हे काम प्रोसेसरवर, गेमच्या आतच होतं.

उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला एक मिलिसेकंदाहून कमी फरकाने उशिरा पोचतो. डोक्याच्या आडोशाने त्यातला बारीक, तीव्र भाग दबतो आणि कानाच्या पाळीच्या आकारामुळे त्याचा रंगही थोडा बदलतो. हे सगळं गणिताने घडवून दोनच चॅनेलमध्ये बसवण्याच्या पद्धतीला एचआरटीएफ म्हणतात. काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये ती २०१६ साली आली, व्हॅलोरंटमध्ये २०२१ साली. गेममध्ये ती चालू असेल, तर हेडफोनपर्यंत पोचणारा आवाज स्टिरिओच असतो आणि तो स्टिरिओच राहायला हवा. त्यावर कार्डाचं ‘व्हर्च्युअल सराउंड’ चढवलं, तर तोच हिशेब दुसऱ्यांदा होतो. मग पावलं घुमल्यासारखी येतात आणि पुढचं-मागचं एकमेकांत मिसळतं. ‘नवीन कार्ड घेतल्यापासून दिशा कळत नाही’ या तक्रारीमागे फार वेळा हेच असतं.

म्हणजे कार्डाकडे कामं उरतात ती अशी: पुरेसा व्होल्टेज आणि करंट देणं, स्वतःची खरखर न मिसळणं, हेडफोनचा सूर न बिघडवणं आणि माइक नीट घेणं. निवड या चारांवरच करायची.

पायरी १: आहे त्याची परीक्षा घ्या

हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकला लावा. पुढच्या जॅकची तार ग्राफिक कार्ड आणि पॉवर सप्लायच्या जवळून लांबवर आलेली असते. बऱ्याच स्वस्त कॅबिनेटमध्ये तिचं शिल्डिंग नावापुरतंच असतं आणि ग्राउंडची जोडणीही ढिसाळ असते. उलट काही बोर्डांवर हेडफोनचा अँप (अँप्लिफायर, म्हणजे सिग्नलचा जोर वाढवणारा भाग) फक्त पुढच्याच जॅकला दिलेला असतो, तर काहींवर फक्त मागच्या. हे बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, तेवढं बघून घ्या.

आता काहीही न वाजवता विंडोजचा आवाज १०० वर न्या. माउस गोलगोल फिरवा, मोठी विंडो ओढा, मग गेम सुरू करून मेन्यूवर थांबा आणि गेममधला आवाज शून्य करा. माउसबरोबर किर्रकिर्र किंवा ग्राफिक कार्डावर ताण येताच किणकिण ऐकू आली, तर बोर्डाच्या आवाजात गोंगाट मिसळतोय. शांतता असेल, तर नव्या कार्डाने ‘स्वच्छ’ आवाज मिळेल ही आशा सोडा. तो मुळातच स्वच्छ आहे.

दुसरी परीक्षा जोराची. रोजच्या गेममध्ये विंडोजचा आवाज ४०-५० वर ठेवून पुरत असेल, तर तुम्हाला अँपची गरज नाही. १०० वर नेऊनही शांत प्रसंगातले बारीक आवाज कान देऊन ऐकावे लागत असतील, तर आहे.

एएलसी८९७ सारखी स्वस्त बोर्डांवरची आवाजाची चिपसुद्धा सोप्या हेडफोनला पुरते. एएलसी१२२० किंवा एएलसी४०८० असलेल्या बोर्डावर तर कार्ड घेण्याचं कारण बहुधा हेडफोनच्या बाजूनेच निघतं. एएलसी४०८० ही बोर्डावर असूनही आतून यूएसबीनेच जोडलेली असते. ‘यूएसबीचा आवाज म्हणजे उशीर’ ही भीती किती फोल आहे ते यावरून कळावं.

पायरी २: हेडफोनचे दोन आकडे शोधा

इंपीडन्स, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा विरोध, ओहममध्ये असतो आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती जोरात वाजतो, डेसिबलमध्ये. सेन्सिटिव्हिटी काही कंपन्या एका मिलिवॉटला देतात, काही एका व्होल्टला. हे न बघता दोन हेडफोनची तुलना केली, तर उत्तर हमखास चुकतं. बदलाचं सूत्र असं: एका व्होल्टचा आकडा म्हणजे मिलिवॉटचा आकडा अधिक ३०, वजा इंपीडन्सच्या लॉगची (दहाच्या पायाच्या लॉगरिदमची) दहापट. २५० ओहमसाठी ही भर ६ डेसिबल येते, ३२ ओहमसाठी १५.

लक्ष्य ठेवा ११० डेसिबलच्या शिखराचं. इतक्या जोरात ऐकायचं नाही. ऐकण्याची पातळी ७०-७५ च्या आसपासच असावी. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास आहे. पण बंदुकीचा बार किंवा ग्रेनेडचा स्फोट सरासरीच्या फार वर उसळतो आणि इक्वलायझर लावला की आणखी जागा लागते. तेवढ्यासाठी ही वरची मोकळीक.

तीन उदाहरणं सोडवून बघू. हायपरएक्स क्लाउड २ हा ६० ओहमचा, ९८ डेसिबल प्रति मिलिवॉटचा हेडसेट आहे. ११० साठी १२ डेसिबल जास्त हवेत, म्हणजे साधारण १६ मिलिवॉट. त्याला व्होल्टेज लागतो जेमतेम १ व्होल्ट. बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रोचं २५० ओहमचं मॉडेल ९६ डेसिबलचं आहे. त्याला २५ मिलिवॉट लागतात, पण त्यासाठी व्होल्टेज हवा २.५. करंट मात्र फक्त १० मिलिअँपिअर. हायफायमनचा एचई४००एसई हा प्लॅनर (आवाजाचा पडदा पातळ आणि सपाट असलेला) हेडफोन २५ ओहमचा, ९१ डेसिबलचा. त्याला सुमारे ८० मिलिवॉट लागतात. व्होल्टेज १.४ च पुरतो, पण करंट जवळपास ५६ मिलिअँपिअर.

इथेच ‘३२ ते ६०० ओहमसाठी योग्य’ या छापील ओळीचं वैयर्थ्य दिसतं. जास्त ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज हवा, प्लॅनरला करंट, आणि ओहम कमी म्हणजे चालवायला सोपा असं मुळीच नाही. कार्डाच्या माहितीत ३२ ओहमला किती मिलिवॉट आणि ३०० ओहमला किती, असे दोन्ही आकडे शोधा. फक्त ‘६०० ओहमपर्यंत’ इतकंच लिहिलं असेल, तर जाणकारांनी केलेली मोजणी मिळाल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका.

बोर्डाच्या मागच्या जॅकमधून साधारण १ ते २ व्होल्ट मिळतात. म्हणजे क्लाउड २ वाल्याला जोरासाठी कार्ड नकोच. डीटी ९९० च्या २५० ओहमवाल्याला मात्र ही कमी जाणवेल.

पायरी ३: आउटपुट इंपीडन्स

जॅकच्या स्वतःच्या इंपीडन्सचा हा आकडा जाहिरातीत क्वचितच असतो, पण आवाजावर त्याचा परिणाम डब्यावरच्या बाकी सगळ्या आकड्यांहून मोठा असतो. नियम सोपा: जॅकचा आउटपुट इंपीडन्स हेडफोनच्या इंपीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी हवा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत, १६ ओहमच्या इअरफोनला २ च्या आत.

कारण असं. हेडफोनचा इंपीडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. समजा, ३२ ओहमचा हेडफोन खालच्या बेसजवळ ६० ओहमपर्यंत चढतो. जॅक ७५ ओहमचा असेल, तर त्या ठिकाणी आवाज इतरांपेक्षा सुमारे साडेतीन डेसिबलने वर जातो. जॅक १ ओहमचा असेल, तर हाच फरक ०.१ डेसिबलवर येतो. गेममध्ये त्या साडेतीन डेसिबलचा अर्थ असा, की स्फोटांचा आणि इंजिनांचा धबधबा फुगतो आणि त्याखाली पावलं, काडतूस बदलण्याची खटखट, दाराची करकर दबते. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला कित्येक बोर्डांवर असा कित्येक ओहमचा इंपीडन्स जोडलेला असतो. ‘पुढच्या जॅकवर बेस भारी येतो’ याचं उत्तर यात आहे. तो बेस हेडफोन बनवणाऱ्याने ठेवलेला नाही.

क्रिएटिव्हची एई-५ मालिका आणि बाहेरचा जी६ डबा, दोन्हींचा आउटपुट इंपीडन्स १ ओहम आहे. आसूसच्या झोनार मालिकेतलं जुनं एसेन्स एसटीएक्स कार्ड अजून सेकंडहँड मिळतं. त्याचा अँप दमदार आहे, पण इंपीडन्स १० ओहमच्या आसपास. डीटी ९९० ला उत्तम, १६ ओहमच्या इअरफोनला चुकीचं. शिवाय जुन्या झोनार कार्डांचे अधिकृत ड्रायव्हर आता मागे पडलेत आणि हौशी लोकांनी बनवलेल्या ड्रायव्हरवर भिस्त ठेवावी लागते. स्वस्त मिळालं तरी विंडोज ११ साठी ते घेऊ नये.

पायरी ४: माइक विसरू नका

संगीतासाठीचे बहुतेक डॅक-अँप (डिजिटल आवाजाचं हेडफोनला चालणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डॅक आणि अँप एकत्र असलेले डबे) इथे बाद होतात. फियो कंपनीच्या के७ या डॅक-अँपमध्ये ताकद भरपूर आहे, पण माइकचा जॅकच नाही. तुमचा माइक हेडसेटला जोडलेला असेल, तर के७ घेतल्यावर माइकसाठी परत बोर्डाच्या गुलाबी जॅककडे यावं लागेल आणि टेबलावर दोन तारांचा गुंता होईल. वेगळा यूएसबी माइक असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

प्लग नीट बघा. तीन काळे पट्टे असलेला चार कप्प्यांचा प्लग फोनसारखा असतो. त्यात दोन्ही कान, माइक आणि ग्राउंड एकत्र येतात. दोन पट्टेवाला प्लग फक्त कानांचा किंवा फक्त माइकचा. बहुतेक साउंड कार्डांना कान आणि माइकचे जॅक वेगळे असतात. त्यामुळे चार कप्प्यांच्या हेडसेटला दोन शेपट्यांचा स्प्लिटर लागतो. तो घेताना सीटीआयए जोडणीचा घ्या. जुन्या ओएमटीपी जोडणीत माइक आणि ग्राउंडची अदलाबदल असते, आणि मग आवाज पोकळ, मधला भाग गायब झाल्यासारखा येतो. बऱ्याच जणांनी चांगली कार्डं या एवढ्याशा तुकड्यापायी परत केली असतील.

पायरी ५: कोणता प्रकार

टाइप-सीचा छोटा डोंगल (यूएसबी पोर्टला लावून हेडफोनचा जॅक देणारा तुकडा): सोप्या हेडफोनला आणि इअरफोनला हा पहिला उपाय, आणि अनेकांसाठी शेवटचाही. हजार-दोन हजारांत मिळणारे चांगले डोंगल बोर्डापेक्षा स्वच्छ असतात आणि आउटपुट इंपीडन्स १ ओहमच्या आसपास ठेवतात. ॲपलचा टाइप-सी डोंगल सुमारे १ व्होल्ट देतो. वरच्या हिशेबाने क्लाउड २ ला नेमका पुरेसा. युरोपात विकल्या जाणाऱ्या आवृत्तीचा व्होल्टेज त्याच्या निम्मा असतो. नातेवाईक तिकडून आणणार असतील, तर हे आधी सांगा. डोंगल घेताना तो माइक घेतो का, हेही विचारा. संगीतासाठीचे कित्येक डोंगल फक्त ऐकवतात.

हेडसेटबरोबर येणारा ‘७.१’ यूएसबी डबाही याच वर्गातला, पण त्यात बहुधा सी-मीडियाची साधी १६ बिटची चिप असते आणि सराउंड सगळं सॉफ्टवेअरचं. त्यातली सराउंडची कळ बंद ठेवून वापरा, चालून जातो.

बाहेरचा यूएसबी डबा: जी६ सारखा. हाय आणि लो गेन (अँपने आवाज किती वाढवायचा याचे टप्पे), माइकचा वेगळा जॅक, हाताशी व्हॉल्यूम. लॅपटॉपवाल्यांना आणि मिनी-आयटीएक्स या छोट्या आकाराच्या बोर्डवाल्यांना दुसरा रस्ताच नाही, कारण तिथे मोकळा स्लॉट नसतो. डेस्कटॉपवाल्यालाही बहुतेक वेळा हाच सुचवावा. कॅबिनेटच्या गोंगाटापासून तो बाहेर राहतो आणि उद्या लॅपटॉप घेतला तरी कामी येतो.

पीसीआयई कार्ड (बोर्डावरच्या स्लॉटमध्ये बसणारं): एई-५ प्लस किंवा त्यावरची कार्डं. स्पीकर आणि हेडफोन दोन्ही कायम जोडून एका क्लिकवर बदलायचे असतील, पाच-सात स्पीकर असतील किंवा यूएसबी पोर्ट भरलेले असतील, तर याला अर्थ आहे. घेण्याआधी कॅबिनेट उघडून बघा. आजची ग्राफिक कार्डं अडीच-तीन स्लॉटची जागा व्यापतात आणि त्यांच्याखाली छोटा एक्स१ स्लॉट पूर्ण झाकला जातो. मोकळ्या लांब एक्स१६ स्लॉटमध्येही एक्स१ कार्ड चालतं. शक्य असेल तर ग्राफिक कार्डापासून सगळ्यात लांबचा स्लॉट घ्या, नाहीतर त्याच्या पंख्यांची गरम हवा आणि विद्युत गोंगाट दोन्ही याच्या अंगावर. काही बोर्डांवर सगळ्यात खालचा स्लॉट आणि एसएसडीचा एखादा एम.२ स्लॉट डेटाचा एकच रस्ता (लेन) वाटून घेतात. तिथे एसएसडी लावलेली असेल, तर कार्ड दिसणारच नाही. एई-९ ला वर ६ पिनची पॉवर केबलही लागते, म्हणून पॉवर सप्लायमध्ये ती शिल्लक आहे का बघा.

पायरी ६: जोडणी आणि सेटिंग

पीसीआयई कार्ड बसवताना पॉवर सप्लायचं बटण बंद करा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून स्थिर वीज उतरवा, कार्ड सरळ दाबून बसवा आणि मागचा स्क्रू घट्ट करा. हा स्क्रू म्हणजे कार्डाच्या ग्राउंडचा एक भाग आहे, तो वगळू नका. यूएसबी डबा बोर्डाच्या मागच्या पोर्टला थेट लावा, हबमधून नाही.

मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, साउंड आणि खालचं ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडा. कार्ड निवडून ॲडव्हान्स्डमध्ये २४ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा. बहुतेक गेम आवाज ४८००० ला मिसळतात. १९२००० निवडलं, तर विंडोज उगाच रूपांतर करत बसतं आणि कानाला काहीही जास्त मिळत नाही. कम्युनिकेशन्स टॅबमध्ये ‘डू नथिंग’ निवडा. नाहीतर बोलणं सुरू झालं की विंडोज बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणतं, आणि नेमकी त्याच क्षणी पावलं हरवतात.

सराउंडचा नियम एकच: हिशेब एकाच ठिकाणी. गेममध्ये एचआरटीएफ असेल तर तो चालू ठेवा आणि विंडोज सोनिक, डॉल्बी ॲटमॉस, कार्डाचं सराउंड असं सगळं बंद करा. गेममध्ये तो नसेल, पण ५.१ किंवा ७.१ आउटपुट असेल, तर यातलं एक चालू करा. कार्डाचं स्वतःचं सराउंड वापरणार असाल, तर कार्ड विंडोजमध्ये ७.१ म्हणून ठेवावं लागतं. स्टिरिओ ठेवलं तर गेम दोनच चॅनेल पाठवतो आणि मागचं काही उरतच नाही.

गेन हेडफोनप्रमाणे लावा. एई-५ च्या सॉफ्टवेअरमध्ये १६-३१, ३२-१४९ आणि १५०-६०० ओहम असे टप्पे आहेत. संवेदनशील इअरफोनला वरचा टप्पा दिला तर पार्श्वभूमीला सतत सूसू ऐकू येते, आणि चुकून व्हॉल्यूम वर गेला तर कानाला इजा होऊ शकते. टप्पा बदलताना इअरफोन कानातून काढून ठेवा.

क्रिएटिव्हच्या कार्डांमधला ‘स्काउट मोड’ किंवा विंडोजचं ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ बारीक आवाज वर उचलतं. पावलं ऐकू येतात हे खरं, पण जवळची आणि लांबची जवळजवळ सारख्याच जोरात, म्हणून अंतराचा अंदाज जातो. त्यापेक्षा इक्वलायझर एपीओ या मोफत प्रोग्रॅममध्ये फुगलेला बेस ३-४ डेसिबलने उतरवणं जास्त फायद्याचं. कुठला भाग वर नेलाच, तर सुरुवातीचा प्री-अँप (एकूण आवाजाची पातळी) तेवढाच उणे ठेवा, नाहीतर स्फोटांच्या वेळी आवाज फाटेल.

माइकचा गोंगाट कमी करणारं फिल्टर कार्डात आणि डिस्कॉर्ड या बोलण्याच्या ॲपमध्ये दोन्हीकडे चालू असेल, तर शब्दांची टोकं कापली जातात. एक बंद करा.

बिघडतं कुठे

कार्ड बदलूनही ५० हर्ट्झची घूं किंवा ग्राफिक कार्डाची किणकिण राहिली, तर अर्थिंग बघा. आपल्याकडे तीन पिनचा सॉकेट असला, तरी जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकामागे तार असेलच असं नाही. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना कॅबिनेटशी जोडतात. अर्थ तुटलेला असेल, तर कॅबिनेट २३० च्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. करंट अगदी थोडा, पण बोटाला झिणझिण्या येतात आणि हेडफोनमध्ये घूं. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो एक-दोन व्होल्टच्या आसपास असायला हवा. त्याहून बराच जास्त असेल, तर आधी अर्थिंगचं काम करून घ्या. त्याआधी कार्डावर खर्च करणं व्यर्थ, आणि झिणझिण्या येत असतील तर तो सुरक्षेचाही प्रश्न आहे.

लॅपटॉपवर चार्जर काढताच आवाज स्वच्छ होत असेल, तर कारण चार्जरच्या रस्त्याने येतंय. तिथे यूएसबी डबा बदलूनही फरक पडत नाही, कारण यूएसबीच्या तारेतून ग्राउंड तसाच पुढे जातो. डेस्कटॉपच्या बोर्डाला ऑप्टिकल आउटपुट असेल, तर त्यातून बाहेरच्या डॅकला जोडणं हा पक्का उपाय: त्या केबलमधून फक्त प्रकाश जातो, वीज नाही. स्टिरिओ त्यातून विनातक्रार जातं आणि गेमचा एचआरटीएफ स्टिरिओच असल्याने काही गमवावं लागत नाही.

मधूनच टकटक, तुटक आवाज येत असेल, तर क्रमाने जा: हब काढा, दुसऱ्या मागच्या पोर्टला लावा, वाय-फाय आणि ग्राफिक कार्डाचे ड्रायव्हर अद्ययावत करा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबला वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची दिलेली परवानगी काढा. गेमचा फ्रेम रेट मोकळा सोडून प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जात असेल, तरी आवाज तुटतो. फ्रेमला मॉनिटरच्या रिफ्रेश रेटच्या जवळ मर्यादा घालून बघा. हे सगळं विक्रेत्याच्या परतीच्या मुदतीत करा, आणि त्यात पायरी १ ची दोन्ही परीक्षा नव्या कार्डावर त्याच हेडफोनने, त्याच गेममध्ये पुन्हा घ्या. आधीच्या जॅकशी फरक पडत नसेल, तर पावती शोधून कार्ड परत पाठवा.